आठ हजारांच्या पुढचं मिसिंग: आरएक्सच्या रेसिंग इंजिनामागे गेलेले सहा आठवडे

२३ ऑक्टोबरला भाऊबीज होती. ओवाळणी झाली, आणि ताईचा मुलगा हातात करंजी घेऊनच मागच्या शेडमध्ये गेला. तिथे ताडपत्रीखाली आमची आरएक्स १००, यामाहाची टू-स्ट्रोक मोटरसायकल, उभी असते. १९९४चं मॉडेल आहे. रस्त्यावर ती चालवत नाही. लाईट, आरसे, स्टँड सगळं काढून टाकलंय, सिलिंडरचे पोर्ट (मिश्रण आणि धूर जायच्या वाटा) घासून मोठे केलेत आणि मूळ कार्बोरेटरच्या जागी २६ एमएमचा मिकुनी बसवलाय. गेल्या वर्षी मातीच्या ट्रॅकवर दोनदा उतरवली होती.

"मामा, डिसेंबरला उतरूया का?" भाच्याने विचारलं. १४ डिसेंबरची रेस होती, म्हणजे सात आठवडे हातात. मी हो म्हणालो.

पुढचे सहा आठवडे या इंजिनाच्या एकाच दुखण्यामागे गेले. इंजिन आठ हजार आरपीएमपर्यंत स्वच्छ चढायचं आणि त्यापुढे मिसिंग करायचं, म्हणजे मध्येच पेटायचं चुकायचं. त्या काळात मी शोधलं तिथे बहुतेक ठिकाणी "कार्बोरेटर साफ करा" एवढाच सल्ला मिळाला. आमचा दोष कार्बोरेटरमध्ये नव्हता. तो सापडेपर्यंत एक पिस्टन गेला. म्हणून सगळं तारीखवार लिहून ठेवतोय.

आधी कागदपत्रं, कारण त्यांना लागणारा वेळ कोणी मोजत नाही. भाच्याचं एफएमएससीआयचं (देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना) स्पर्धक लायसन्स नव्याने काढायचं होतं. फोटो, आधार, रक्तगट आणि डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र. आम्ही भरलेल्या प्रमाणपत्रावर डॉक्टरांची सही होती, पण शिक्क्यात नोंदणी क्रमांक उमटलेला नव्हता. अर्ज परत आला. दवाखाना दिवाळीच्या सुट्टीत बंद असल्याने त्यातच सहा दिवस गेले. शिक्का घेतल्यावर तिथेच उभं राहून नंबर वाचता येतो का ते बघून घ्या.

पहिली चाचणी २ नोव्हेंबरला, रविवारी. चुलत्यांच्या रानात सोयाबीन निघालेलं होतं आणि बांधाच्या कडेला मुरमाची अडीचशे मीटरची सरळ पट्टी आहे. गाडी छोट्या हत्तीत घालून नेली. पहिल्या दोन फेऱ्या झकास झाल्या. तिसऱ्या फेरीत, इंजिन पुरतं तापल्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये आठ हजारांच्या वर आवाज तुटायला लागला. फट्, फट्‌फट्, मग पुन्हा सलग, मग पुन्हा फट्. अॅक्सिलरेटर थोडा सोडला की लगेच सरळ. भाचा म्हणाला, "कोणीतरी स्विच चालू-बंद करतंय असं वाटतंय."

उत्तर त्या वाक्यातच होतं. मला ते तेव्हा ऐकू आलं नाही.

५ नोव्हेंबरला मी प्लग नवा घातला, कार्बोरेटर उघडून साफ केला, फ्लोटची पातळी बदलली आणि मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक, आकडा लहान तितकं पेट्रोल कमी) १५० वरून १४० वर आणला. चारही गोष्टी एकाच संध्याकाळी. माझं डोकं असं चाललं होतं की वरच्या आरपीएमला इंजिन अडखळतं म्हणजे मिश्रण रिच आहे, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. टू-स्ट्रोक जास्त रिच झालं की दर दुसरा स्फोट चुकतो, त्याला फोर-स्ट्रोकिंग म्हणतात, हे मला माहीत होतं आणि ते मी इथे चिकटवलं. ९ नोव्हेंबरच्या रविवारी सकाळी गारव्यात गाडी खरंच बरी वाटली. मी खुश झालो आणि जेट आणखी खाली, १३० वर नेला.

चौथ्या फेरीत सरळ पट्टीच्या शेवटी इंजिनातून खडखड ऐकू आली, डब्यात खडे हलवल्यासारखी. भाच्याने क्लच दाबेपर्यंत मागचं चाक घसरून थांबलं होतं. पिस्टन धरला होता, सिलिंडरमध्ये अडकून बसला होता.

भाचा पडला नाही, हे पहिलं. मुरमावर तो आपटला असता तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. बहिणीला त्या दिवशी काय सांगायचं याचा विचार करत मी बांधावर बराच वेळ बसून होतो. संध्याकाळी सगळं खरं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आधी गाडी दुरुस्त कर, मग त्याला बसव."

हेड आणि सिलिंडर काढल्यावर पिस्टनच्या सायलेन्सरकडच्या बाजूला उभे ओरखडे दिसले आणि बोअरमध्ये अॅल्युमिनियम लिंपलेलं. लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडलेल्या, मिश्रणाची सही ती. एक गोष्ट मी हिशेबात धरलीच नव्हती. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल ई२०, म्हणजे त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, त्यामुळे जुना जेट तसाच ठेवला तरी मिश्रण आधीपेक्षा लीन पडतं. म्हणजे जेट वाढवायला हवा होता, आणि मी दोनदा कमी केला होता. जुन्या टू-स्ट्रोकवर काम करणाऱ्यांनी जुन्या जेटच्या नंबरांवर आज विसंबू नये, हे मी हात जोडून सांगतो.

सिलिंडर घेऊन १० तारखेला उद्यमनगरात, वर्कशॉपांच्या भागात, गेलो. बोअरिंगवाल्याकडे रांग होती, आठ दिवसांनी या म्हणाले. पिस्टन ०.५० ओव्हरसाइज, रिंगा, बोअरिंग आणि होनिंग मिळून २,६५० रुपये झाले. पिस्टन आधी विकत घेऊन सिलिंडरबरोबरच द्यावा लागतो. तो मोजूनच बोअर करतात, नुसत्या डब्यावरच्या आकड्यावर नाही.

त्याच गल्लीत वस्ताद बसतात. वय पासष्टच्या पुढे. यामाहाने १९८५ साली ही गाडी भारतात आणली तेव्हापासून ते तिच्यावर काम करतायत. १९९६ला उत्पादन बंद झालं तरी त्यांच्या दारात रोज दोन-तीन आरएक्स उभ्या असतात. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय काय बदललंस?" मी यादी सांगितली. "एकदमच?" हो म्हणालो. मग त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"वही हाय का?"

नव्हती. समोरच्या दुकानातून शंभर पानी वही आणायला लावली आणि पहिल्या पानावर त्यांनीच रकाने आखले: तारीख, हवा गार का गरम, प्लगचा गॅप (टोकांमधलं अंतर), जेट, कितव्या फेरीला, किती आरपीएमला, आवाज कसला. "आवाजाला नाव दे," म्हणाले. मग तोंडाने तीन आवाज काढून दाखवले. मिश्रण रिच असेल तर इंजिन गुळण्या केल्यासारखं घुरघुरतं आणि गार असताना जास्त घुरघुरतं. पेट्रोल कमी पडत असेल तर बोलता बोलता घसा बसावा तसं हळूहळू मरतं आणि अॅक्सिलरेटर सोडल्यावर सावरायला क्षणभर घेतं. ठिणगी चुकत असेल तर आवाज कात्रीने कापल्यासारखा तुटतो आणि तितक्याच झटक्याने परत येतो.

"आमचा तिसरा," मी म्हणालो.

"मग जेटला हात कशाला घातलास?" त्यात राग नव्हता. त्यांना खरंच कारण हवं होतं.

१८ नोव्हेंबरला सिलिंडर मिळाला. वस्तादांनी अट घातली की जोडल्यावर हवा धरते का ते बघायचं. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी पिस्टनखालच्या बंद पेटीत, क्रँककेसमध्ये, येतं, तिथून सिलिंडरमध्ये जातं. केसला कुठेही बारीक भोक असलं तर तिथून बाहेरची हवा ओढली जाते आणि मिश्रण लीन होतं. हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही. डॉक्टरांचं रक्तदाबाचं यंत्र चालतं. रबरी फुगा आणि घड्याळासारखी तबकडी असलेलं ते. जुन्या प्लगमधली चिनीमाती काढून त्यात नळी बसवली, सायलेन्सरच्या तोंडाला आणि कार्बोरेटरच्या मॅनिफोल्डला रबराची बुचं ठोकली, पिस्टन खाली नेऊन ठेवला आणि फुगा दाबत काटा २५० वर नेला. काटा तिथेच राहायला हवा, किंवा मिनिटाला अगदी थोडा सरकायला हवा. आमचा पंधरा सेकंदांत शंभराखाली आला. साबणाच्या पाण्याचा ब्रश फिरवला. मॅग्नेट (इंजिनाबरोबर फिरणारं चुंबकाचं चाक) काढलेला होताच. क्रँकच्या डाव्या बाजूच्या रबरी ऑइल सीलच्या ओठावर बारीक बुडबुड्यांची माळ उगवली. मी वाकून ती किती वेळ बघत होतो कोण जाणे. इतके दिवस मी ज्याला शोधत होतो ते असं फेसात दिसत होतं, असं मला वाटलं.

दोन्ही सील बदलली, गॅस्केटसकट ४८० रुपये. उजवीकडचं सील गळत असतं तर इंजिन गिअरचं ऑइल ओढून पांढुरका धूर काढतं, तो आमच्याकडे नव्हता. पण केस उघडी असताना एकच सील बदलण्यात अर्थ नाही. पुन्हा हवा भरली, काटा दोन मिनिटं हलला नाही. जेट १५५ घातला. ऑइल लिटरला ४० मिली.

२३ नोव्हेंबरला रानात आधी अर्धा तास हळू चालवून पिस्टन बसवून घेतला. मग भाच्याने उघडली. इंजिन आधीपेक्षा कितीतरी गुबगुबीत ओढत होतं. आणि पाचव्या फेरीला, आठ हजारांवर, फट्. फट्‌फट्.

त्या रविवारी मी घरी येऊन कोणाशी बोललो नाही. वहीत लिहायचीही इच्छा नव्हती. रात्री उशिरा लिहिलं: "आवाज तोच. तापल्यावरच. कापल्यासारखा." लिहिताना लक्षात आलं की गळकं सील खरं होतं, पिस्टन धरायला त्याचाही हात होता, पण मिसिंग त्याचं नव्हतं. एका इंजिनात दोन आजार असू शकतात. एक सापडला की दुसराही गेला असं मी धरून चाललो होतो.

पुढच्या आठवड्यात रोज कामावरून आल्यावर एकच गोष्ट. टाकीचं झाकण उघडून नळी मोजपात्रात सोडली, एका मिनिटात २६० मिली पेट्रोल आलं. एवढ्या इंजिनाला पूर्ण उघडल्यावर मिनिटाला शंभर-सव्वाशे मिली लागेल, म्हणजे नळ मोकळा. मग झाकण बंद करून तेच मोजलं, कारण झाकणाचं वाताचं भोक बुजलं की टाकीत पोकळी होऊन पेट्रोल थांबतं. तेही ठीक. रीडच्या, म्हणजे मिश्रण आत सोडणाऱ्या झडपेच्या, पात्या उजेडासमोर धरल्या, कड कुठे तुटलेली नाही. सायलेन्सरचा जोड काळा पडलेला नाही. या सगळ्याला एक रुपया लागला नाही, आणि प्रत्येक "ठीक"नंतर वहीत एक ओळ खोडली जात होती.

३० नोव्हेंबरच्या रविवारी ठिणगीची बाजू धरली. पहिली चाचणी: किल स्विचची (इंजिन बंद करायच्या बटणाची) वायर सुटी केली (इंजिन बंद करायला मग चोक आणि क्लच-ब्रेक). हँडलपाशी ही वायर घासून फ्रेमला टेकते आणि धक्क्याने ठिणगी खाते, असं पुष्कळदा होतं. आमचं मिसिंग तसंच. दुसरी: वस्तादांच्या चालत्या गाडीवरचा सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) लावला. तसंच. तिसरी: प्लगची टोपी नवी, पाच किलोओहमची, १८० रुपये. तसंच. चौथ्या चाचणीत प्लगचा गॅप ०.७ वरून ०.५ मिमी केला. मिसिंग आलं, पण आठ हजारांऐवजी साडेआठ हजारांच्या पुढे.

मी भाच्याला आणखी दोन फेऱ्या मारायला लावल्या. दोन्ही वेळा साडेआठच्या पुढे. गॅप कमी केला की ठिणगीला कमी व्होल्टेज पुरतं. गॅपने दुखणं पुढे सरकतंय, याचा अर्थ व्होल्टेजच कमी पडतंय. महिन्याभरात पहिल्यांदा इंजिनाने प्रश्नाला सरळ उत्तर दिलं होतं.

सोमवारी वही वस्तादांपुढे ठेवली. त्यांनी बोट फिरवत सगळी पानं वाचली. "तापल्यावर. वरच्या आरपीएमला. गॅपनं हलतंय. सीडीआय चांगला. मग सीडीआयला खायला कोण घालतंय?"

मॅग्नेटच्या आत कॉइलची प्लेट असते. तिच्यावरची बारीक तारेची चार्जिंग कॉइल सीडीआयमधला कपॅसिटर भरते, आणि तो भरलेला साठा इग्निशन कॉइलमधून प्लगला जातो. नऊ हजार आरपीएमला इंजिन सेकंदाला दीडशे वेळा पेटतं, आणि प्रत्येक खेपेला कपॅसिटर नव्याने भरावा लागतो. कॉइल थोडी लंगडी असली तर खाली भागून जातं, वर उघडं पडतं. पण मी तर ती मल्टिमीटरने आधीच मोजली होती आणि आकडा वस्तादांच्या वहीतल्या आकड्याशी जुळत होता.

"गार असताना मोजलीस," वस्ताद म्हणाले. "ती गार असताना काय करतीया ते कुणाला पायजे?"

४ डिसेंबरला, गुरुवारी रात्री जेवणं झाल्यावर, प्लेट स्वयंपाकघराच्या ओट्यावर घेतली. मल्टिमीटरच्या दोन क्लिपा कॉइलच्या टोकांना लावल्या आणि बायकोचा हेअर ड्रायर वीतभर अंतरावरून धरला. तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स तापल्यावर वाढतो, पन्नास अंशांना साधारण २० टक्के, आणि तो एकसारखा वाढायला हवा. आकडा चढत होता. बायको तबकडी बघत होती, मी ड्रायर धरून होतो. हात लावता येणार नाही इतकी गरम झाल्यावर मी स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने कॉइलवर हलकं टिचकं मारलं.

"गेला," ती म्हणाली. "आकडा गेला."

मग परत आला. पुन्हा टिचकं, पुन्हा गेला. गार होऊ दिली आणि दहा वेळा ठोकलं, आकडा हलला नाही. गरम केली, पुन्हा जायला लागला. वार्निशखाली, जिथे केसासारखी बारीक तार जाड वायरला डाखलेली असते, तिथला डाख चिरलेला होता. तीस वर्षांच्या थरथरीने. भिंग धरल्यावर दिसली ती एक करडी रेघ, नखाच्या टोकाएवढीही नाही.

आम्ही दोघं रात्री साडेअकराला त्या रेघेकडे बघत होतो. मी भाच्याला फोन केला. तो जागाच होता.

बाजारात तयार प्लेट मिळते, पण स्वस्तातल्या डुप्लिकेटची खात्री वस्ताद देईनात आणि अस्सल मागवायला दोन आठवडे लागले असते. म्हणून ५ तारखेला उद्यमनगरात एका रिवाइंडिंगवाल्या काकांकडे कॉइल दिली. नुसता डाख पुन्हा मारून चाललं असतं, पण ते म्हणाले की तार आतूनही ठिसूळ झाली असेल. पूर्ण नवी गुंडाळली, वार्निशमध्ये बुडवून भट्टीत वाळवली. चार दिवस, ७०० रुपये. देताना तीन गोष्टी लिहून द्या: जुन्या तारेची जाडी मोजून तेवढीच, फेरे तेवढेच, आणि गुंडाळण्याची दिशा तीच. दिशा उलटी झाली तर ठिणगीची वेळ बिघडू शकते.

बुधवारी, १० डिसेंबरला, पहिली पाळी करून थेट रानात. आधी ओट्यावर ड्रायर आणि टिचक्यांची परीक्षा झालेली होतीच. गॅप मुद्दाम ०.७ ठेवला, पहिल्या दिवशी होता तेवढाच. बाकी काही बदललं नाही. वस्ताद आले होते, बांधावर पाठ करून बसले. बघायचं नाही, फक्त ऐकायचं म्हणाले. तिसरी फेरी, पाचवी, आठवी. उन्हं उतरली होती आणि निळसर धूर पट्टीवर तरंगत होता. आवाज सलग वर गेला, साडेनऊ हजारांपर्यंत, आणि तुटला नाही. दहाव्या फेरीला पूर्ण उघडी असतानाच क्लच दाबून इंजिन बंद करायला लावलं आणि प्लग काढला. आताच्या पेट्रोलने टोकावर रंग पटकन येत नाही, चिनीमातीच्या तळाशी आतलं कडं बघावं लागतं. तिथे फिकट तपकिरी कडं होतं. जेट १५५ कायम.

एकूण खर्च, लायसन्स आणि प्रवेश फी सोडून: पिस्टन आणि बोअर २,६५०, सील ४८०, प्लग दोन २८०, टोपी १८०, कॉइल ७००, छोटा हत्ती पाच फेऱ्या २,५००, पेट्रोल-ऑइल साधारण २,२००. म्हणजे नऊ हजारांच्या आसपास. त्यातले पिस्टनचे पैसे आणि तो आठवडा पूर्णपणे वाचला असता. ज्यांच्या गाडीत असंच काही चाललंय त्यांना आमचा क्रम उलटा करून सांगतो: आवाज ओळखा, फुकटच्या तपासण्या आधी करा, प्लगचा गॅप कमी करून दुखणं सरकतं का बघा, कॉइल गरम करून मोजा. आणि मिसिंग कशाने आहे हे कळेपर्यंत जेट खाली आणू नका.

१३ तारखेला स्क्रूटिनी, म्हणजे रेसआधीची गाडीची तपासणी, होती. ऑइल ड्रेनच्या नटाला लॉक वायर, लिव्हरच्या टोकांना गोळे, किल स्विच चालतो का, हेल्मेट. किल स्विचपाशी माझी छाती धडधडली, कारण ती वायर मी मध्यंतरी सुटी केली होती. परत जोडलेली होती. वहीत तशी ओळ होती, तरी रांगेत उभं असताना मी ती दोनदा वाचली.

रविवारी भाच्याची हीट दुपारी साडेबाराला लागली. भर उन्हात, इंजिन पुरतं तापलेलं. ताई कुंपणापाशी माझ्या शेजारी उभी होती, तिने माझं मनगट धरलं होतं. सहा फेऱ्या. प्रत्येक फेरीत समोरच्या सरळ पट्टीवर मी डोळे मिटून आमचाच आवाज वेगळा काढत होतो, इतर नऊ गाड्यांतून. सातवा आला. उतरल्यावर हेल्मेट न काढताच म्हणाला, "मामा, शेवटपर्यंत ओढत होती."

गाडी छोट्या हत्तीत चढवताना वस्तादांनी वही मागितली. त्या दिवशीची ओळ त्यांनी स्वतःच्या अक्षरात भरली: १४ डिसेंबर, ऊन, गॅप ०.६, जेट १५५, सहा फेऱ्या. आवाजाच्या रकान्यात लिहिलं, "सलग".